गुडघा गेला गरवायला

भाईंदरला पहाटे दोन प्रकारची माणसं घराबाहेर पडतात. एक, ज्यांना लोकलमध्ये खिडकी पकडायची असते. दुसरी, ज्यांना खाडीत मासा. नोकरीची सगळी वर्षं मी पहिल्या प्रकारात काढली, निवृत्त झालो आणि दुसऱ्यात दाखल झालो. खरं तर शिकार तीच. मिरा रोडला राहणारा माणूस चर्चगेटला जायचं म्हणून आधी उलटा भाईंदरला जातो, गाडी थांबायच्या आत उडी मारतो, खिडकी धरतो आणि मग आपल्याच स्टेशनावर लोंबकळणाऱ्या आपल्याच शेजाऱ्यांकडे दयाबुद्धीने बघत मुंबईला निघतो. दबा, अंदाज, झेप, सगळं आलं त्यात. फरक इतकाच की गाडीत खिडकी कधीतरी मिळायची.

शिकार म्हटल्यावर कुणी दचकू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आमच्या उशाशी आहे आणि त्यात बिबटे आहेत, हे खरं. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूकवाल्यांच्या मिशा उतरवल्या आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारंही लावून घेतली. झालं ते बरंच झालं. आमच्या वयाचा शिकारी बघून बिबट्याने उठायचेसुद्धा कष्ट घेतले नसते.

तेव्हा आमची शिकार म्हणजे गरवणं. रॉड, रील, गळ, शिसं, चाऱ्याला कोळंबी आणि समोर भाईंदरची खाडी. नकाशात तिला वसईची खाडी म्हणतात, पण ते वसईकरांचं म्हणणं. कधी जेसल पार्कची चौपाटी, कधी पश्चिमेची जेट्टी, आणि कुणाचं दुखणं फारच आटोक्यात असेल तर उत्तनची बस पकडून चौकचे खडक.

आम्ही चौघं. एकाच डब्यातले, एकाच पत्त्यांच्या डावातले. त्या काळी आम्ही एकमेकांना आडनावाने हाक मारायचो. आता आडनावं मागे पडली आणि फायलीवरची नावं रूढ झाली. मी खांदा. बाकीचे गुडघा, शुगर आणि पेसमेकर. "शुगर निघाला का रे?" "निघाला, पण गुडघा अजून लिफ्टमध्ये आहे," असं आमचं पहाटेचं फोनवरचं बोलणं चालतं. एकदा गुडघ्याच्या सुनेने मध्येच फोन घेतला आणि आम्ही पॅथॉलॉजी लॅबवाले आहोत असं समजून रिपोर्ट कधी मिळेल ते विचारलं.

पहिला अडथळा गळाच्या नेढ्यात लाईन ओवण्याचा. मासे उजाडायच्या आधी चांगले लागतात म्हणून आम्ही काळोखात पोचतो आणि लख्ख उजाडेपर्यंत ओवत बसतो. चौघांचे चष्मे चार नंबरांचे. जवळचं बघायचं तर मान वर करायची, लांबचं बघायचं तर खाली. मध्ये जो पट्टा असतो त्यात डॉक्टरांचं बिल तेवढं स्पष्ट दिसतं. शेवटी शुगरच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो डोळा सार्वजनिक झाला. सगळ्यांच्या गळांत तोच ओवतो. त्याबद्दल त्याला पहिला चहा फुकट आणि बिनसाखरेचा.

दुसरा अडथळा ऐकू येण्याचा. मासा लागला की कळावं म्हणून रॉडच्या टोकाला छोटी घंटी लावतात. मासा ओढतो, टोक हलतं, घंटी वाजते, माणूस धावतो. या योजनेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, ऐकू येणं आणि धावणं. एका संध्याकाळी जेसल पार्कला खणखणीत घंटी वाजली आणि चौघंही एकदम उठलो. म्हणजे तिघं उठलो आणि चौथ्याला उठवलं. पेसमेकरने रॉड खेचला, मी रील गुंडाळलं, शुगर जाळी घेऊन कठड्यावर ओणवा झाला. बराच वेळ झुंज चालली. मग मागून आवाज आला, "कितने दूँ, अंकल?" कुल्फीवाला होता. झुंज दिली म्हणून चार घेतल्या. शुगरने आपली अर्धीच खाल्ली, असं त्याने घरी सांगितलं.

याच शुगरची एकदा साखर उतरली. पहाटे निघताना इंजेक्शन घेतलं होतं, खायचं राहिलं होतं. घाम फुटला, हात थरथरू लागले, जीभ जड झाली. आम्ही बिस्किटं शोधायला पिशवी उपसली. बिस्किटं सापडली तेव्हा त्याने बोयांसाठी मळलेला पावाचा गोळा निम्मा संपवला होता. त्या गोळ्यात सुकटीची पूड, हळद आणि वासासाठी पेसमेकरने कालवलेलं असं काहीतरी होतं, जे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दहा मिनिटांनी शुगर भानावर आला. पहिलं वाक्य बोलला, "मीठ कमी आहे." उरलेल्या गोळ्यावर त्या दिवशी एकही मासा फिरकला नाही, तेव्हा त्याचं म्हणणं खरं असावं.

पेसमेकरच्या मूत्राशयाविषयी सभ्य भाषेत एवढंच सांगता येईल की खाडीला दिवसातून दोनदा भरती येते आणि त्याला तासातून. मासे हे जाणून आहेत. तो झुडपाआड गेला की त्याचीच घंटी वाजते.

भरतीचं निघालंच आहे तर पंचांगाचं सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या माणसाला वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला अकरा-बाराच्या आसपास. म्हणजे भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि तिच्यामागे माझी रक्तदाबाची गोळी. डॉक्टरांना माझ्या नोंदवहीतले आकडे कळेनात. "काका, गोळी रोज एकाच वेळी घेता ना?" मी म्हटलं, "एकाच वेळी. भरतीला सुरुवात झाली की." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि एक गोळी वाढवली.

आमच्या घरच्या कालनिर्णयावर दोन हस्ताक्षरं आहेत. निळं हिचं: दूधवाला, संकष्टी, हृदयाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, रक्त तपासणी (उपाशीपोटी). लाल माझं: नुसते आकडे. संकष्टीच्या चौकोनात हिचं 'उपास' आणि माझं '३'. एका भाचीने ते बघून आपल्या आईला सांगितलं की काका संकष्टीला तीन वेळा जेवतात.

आता दुखण्याकडे येतो. दुखण्याला आपण समजतो तितकं ते आंधळं नसतं. त्याला काम कळतं. माझा उजवा खांदा गोठलेला आहे, डॉक्टरी भाषेत फ्रोझन शोल्डर. माळ्यावरचं फराळाचं पातेलं काढायचं म्हटलं की तो गोठतो. पंख्याची पाती पुसायची म्हटलं की बर्फच होतो. दोरीवर चादर टाकताना तर मी असा काही विव्हळतो की समोरच्या इमारतीतल्या बाई आपल्या गॅलरीतून "राहू दे हो काका" म्हणतात. हे सगळं अस्सल आहे, यात नाटक नाही. गुडघ्याचंही तसंच. त्याला समोरच्या दुकानातून कढीपत्ता आणायला जिना नको वाटतो, पण चौकच्या खडकांवर तो शेवाळ चुकवत पाण्यापर्यंत उतरतो. वर येताना मात्र त्याला दोघांनी ओढावं लागतं, पण वर येणं म्हणजे घरी जाणं, आणि ते दुखण्याच्या यादीत पहिलं.

हे शास्त्र बायकोला पटवण्याची गरज मला कधी पडली नव्हती. ती फिजिओथेरपीला माझ्याबरोबर आली तिथे घोळ झाला.

थेरपिस्ट म्हणजे नुकतीच पदवी घेतलेली एक हसरी मुलगी. तिने खांद्याची हालचाल मोजली. हात बाजूने वर करा. केला, कानाच्या बराच खाली अडकला, मी कळवळलो. बायकोचा चेहरा हळवा झाला. हात पाठीमागे न्या. कळवळलो. बायकोने माझी पाण्याची बाटली उघडून दिली. मग ती मुलगी म्हणाली, "आता एक वेगळं करू या. ही काठी घ्या दोन्ही हातांत. डोक्यावरून मागे न्या... आणि पुढे टाका."

काठी हातात आली आणि पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. डावा पाय आपोआप पुढे गेला. काठी कानामागून गेली, मनगटाने झटका दिला, आणि समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रापाशी, अगदी बरगड्यांच्या मध्ये, माझी नजर शिसं कुठे पडतं ते बघत स्थिरावली. अंगठ्याने मी नसलेलं रील थांबवलंसुद्धा.

खोलीत शांतता पसरली.

"वा काका! पूर्ण रेंज! दुखलं का?"

"नाही," मी म्हणालो. सवयीने खरं बोललो.

"पुन्हा करा बरं."

केलं. या वेळी थोडं डावीकडे टाकलं, तिकडे पाणी खोल असतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आणि चादर?"

थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "चादर वाळत घालणं हा खूप चांगला व्यायाम आहे, आंटी. रोज द्या त्यांना." त्या दिवसापासून आमच्या घरात चादरी आठवड्याला न बदलता रोज बदलतात.

वयाचा मुद्दा निघाला की मी जिम कॉर्बेटना पुढे करतो. कॉर्बेटनी ठाकची नरभक्षक वाघीण मारली ती १९३८ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. त्याआधी १९२९मध्ये तल्ला देसच्या वाघिणीमागे ते डोंगर तुडवत होते तेव्हा त्यांच्या कानात गळू झालं होतं, चेहरा सुजला होता, आणि ते गळू शिकारीवरच फुटलं. तरी गडी माघारी फिरला नाही. हे मी बायकोला जेवताना ऐकवलं. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "लग्न झालं होतं त्यांचं?"

नव्हतं. ते शेवटपर्यंत बहिणीबरोबर राहिले.

"तरीच," ती म्हणाली.

शुगर वाचणारा आहे. त्याने हेमिंग्वेचा म्हातारा काढला. पुलंनी १९६५मध्ये त्या पुस्तकाचा 'एका कोळियाने' या नावाने अनुवाद केला, ती प्रत शुगरकडे जपून ठेवलेली आहे. त्यातल्या म्हाताऱ्याला चौऱ्याऐंशी दिवस मासा लागत नाही, आणि लागतो तेव्हा शार्क तो वाटेतच खाऊन टाकतात. शुगरने हे आपल्या बायकोला धीर यावा म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "मग घरी काय आणलं त्याने?" हा म्हणाला, "सांगाडा. अठरा फुटी." ती म्हणाली, "बघा. काहीतरी आणलं."

आम्हाला लागतो तो बहुतेक शिंगाळा. जिताडा लागल्याचं आम्ही ऐकून आहोत. शिंगाळ्याला मिशा असतात आणि पाठीवर नि कल्ल्यांपाशी काटे. तो काटा लागला की हात कोपरापर्यंत ठणकतो. गरम पाण्यात बुडवून बसायचं, दुसरा उपाय नाही. एकदा पेसमेकरच्या अंगठ्याला तो लागला. पेसमेकर रक्त पातळ करायची गोळी घेतो. टाचणीएवढं भोक, आणि त्यातून रक्त काही थांबेना. आम्ही रुमाल बांधला, मग त्यावर टॉवेल, मग त्यावर शुगरची कानटोपी. चहाच्या टपरीवर गरम पाणी मागितलं तर पोऱ्याने कटिंग आणून दिला. पेसमेकरने अंगठा त्यात घातला. या सगळ्या धावपळीत शिंगाळा तेवढा शांतपणे उड्या मारत पाण्यात परत गेला, मिशांसकट.

पण सगळ्यात थोर प्रसंग गाळातला. भाईंदर पश्चिमेला ओहोटीच्या वेळी खाडी इतकी मागे जाते की पाण्यापर्यंत पोचायला गाळ तुडवावा लागतो. कुठे घट्ट आहे, कुठे नाही, हे तिथल्या माणसांना पायाने कळतं. गुडघ्याला ते गुडघ्याने कळलं. तीन पावलं बरी गेली, चौथं गेलं ते गेलंच. दुसरा पाय काढायला जोर लावला तर तोही गेला. त्याच्या पायांत हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या, सिलिकॉनच्या तळव्यांच्या, भलत्याच महाग सँडल होत्या. त्या आजही तिथेच आहेत.

आम्ही साखळी केली. गुडघ्याला धरायला मी, मला धरायला शुगर, शुगरला धरायला पेसमेकर. तिघांच्याही कमरेला पट्टे. "ओढ!" म्हटल्यावर कुणीच ओढलं नाही, कारण ओढायला डॉक्टरांची मनाई होती. प्रत्येकाने मागच्यावर भरवसा ठेवला होता.

बाजूलाच जेट्टीच्या दगडांवर एक म्हातारी कालवं काढत होती. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कमरेत वाकून ठक ठक चाललं होतं तिचं, शेजारी अर्धी भरलेली पाटी. ती बघत होती आणि हसत होती.

"बस खाली, बस!" ती ओरडली. "उभा राहशील तर अजून जाशील."

"बसता येत नाही!" गुडघा ओरडला. "डॉक्टरांनी सांगितलंय, जमिनीवर बसायचं नाही!"

"जमीन कुठं हाय ती?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. गुडघा बसला, मग तिच्या सांगण्यावरून पालथा झाला आणि पोटावर सरपटत बाहेर आला. त्याच्या फायलीत असं काही करू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हातारीने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "काय गावला का?"

"नाही."

"मंग येतास कशाला?"

गुडघ्याने तिला आपल्या गुडघ्यांची कथा सांगायला घेतली. गादी झिजलीय, हाडाला हाड लागतंय, रात्री झोप नाही. तिने कालव फोडता फोडता ऐकून घेतलं. म्हणाली, "माजं पन गुडघं दुखतान. पन पाटी काय आपल्या पायानी घरा जाते?" आणि ती पाटी डोक्यावर घेऊन त्याच गाळातून निघून गेली, आमचं शिसं जिथे कधी पोचत नाही तिथून. आम्ही कालवं विकत घ्यायची म्हणून तिच्या मागे थोडं चाललो, पण तिला गाठणं चौघांनाही जमलं नाही.

घरी मासा येतो. त्याविषयी गैरसमज नको. मी रॉड घेऊन निघालो की बायको पिशवी घेऊन बाजारात निघते. मी रिकामा परत येईपर्यंत तिचं कालवण उकळत असतं. यात माझा अपमान आहे असं पूर्वी वाटायचं. आता मी निघताना विचारून जातो, आज काय आणणार आहेस.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, मासळीच्या पैदाशीसाठी. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला ती लागू नाही. आमच्या चौघांच्या बायकांनी मात्र एका हळदीकुंकवाला ठराव करून ती बिगरयांत्रिक नवऱ्यांनाही लागू केली. कारण पावसाळा, घसरणं, हाडं. आम्ही कायद्याचा मुद्दा काढला. बंदी फक्त यांत्रिकांना आहे, आम्ही कुठे यांत्रिक? तेव्हा पेसमेकरच्या बायकोने नवऱ्याच्या छातीकडे नुसतं बोट दाखवलं. त्याचा एकट्याचा खटला तिथेच निकालात निघाला. बाकीचे तिघं अपिलात आहोत.

गुडघ्याचं शेवटी ठरलं, दोन्ही बदलायचे. सर्जनने तारीख मागितली. गुडघ्याने खिशातून छोटं पंचांग काढलं, पानं उलटली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि अष्टमी दिली. सर्जनना वाटलं माणूस धार्मिक आहे. वस्तुतः अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाण्याला जोर नसतो, मासा चावत नाही. तो आठवडा वाया गेला तरी चालतो.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी त्याला वॉकर धरून चालवलं. आम्ही तिघं भेटायला गेलो तर पलंगावर पसरून तो नर्सला शिंगाळा आणि चिवणीतला फरक समजावत होता. तेवढ्यात सर्जन राउंडला आले. त्यांनी टाके बघितले, पाय वाकवून बघितला आणि म्हणाले, "छान. आता मला सांगा काका, तुमचं ध्येय काय? पेशंटने ध्येय ठरवलं की व्यायाम नीट होतो. जिना चढायचाय? देवळात जायचंय? नातवाबरोबर खेळायचंय?"

"खडकावर बसायचंय," गुडघा म्हणाला.

सर्जननी त्याच्या बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"साधारण किती उंच खडक?" त्यांनी कागद-पेन घेतलं. "त्यावर ठरेल, किती अंशात वाकायला हवं."

गुडघ्याने पलंगावरून हात करून दाखवला, फूटभर. शुगर म्हणाला, छे, तो इतका तरी असेल, आणि गुडघ्यापर्यंत दाखवला. पेसमेकरने कमरेपर्यंत नेला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी गोठलेला उजवा खांदा डोक्याच्या वर नेऊन दाखवला.